छातीवरचा ‘सोसायटी’ हा शिक्का

‘गुलाम पाळले ते मळेवाल्यांनी, चर्चने तर त्यांना सोडवलं’ हे वाक्य गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या विल्यम विल्बरफोर्स या ब्रिटिश खासदाराच्या नावासोबत वर्षानुवर्षं फिरतंय. विल्बरफोर्सचा लढा खराच होता. पण वाक्याचा पूर्वार्ध चुकीचा आहे, आणि उत्तरार्धही अपुरा.

१७१० साली ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन हा इंग्रज मळेवाला वारला आणि कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावरचे त्याचे उसाचे मळे, तिथल्या गुलामांसकट, मृत्युपत्राने एस.पी.जी.कडे (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल) आले. ही चर्च ऑफ इंग्लंडची मिशनरी संस्था (आपल्या नगरलाही तिचं मिशन होतं). म्हणजे इथे मळेवाली खुद्द चर्चची संस्थाच. गुलाम कुणाचा हे कळावं म्हणून तापल्या लोखंडाने त्याच्या छातीवर ‘सोसायटी’ हा शब्द डागत. बायबल शिकवणाऱ्यांच्या मळ्यावर माणसांना गुरांसारखे डाग दिले जात होते, हे वाचून अंगावर काटा येतो.

आणि ‘सोडवलं’ म्हणाल तर गुलामगिरी संपवणाऱ्या १८३३च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने मालकांना २ कोटी पौंड भरपाई दिली. त्यातले सुमारे ८,८०० पौंड ४११ गुलामांपोटी या संस्थेला मिळाले. गुलामांच्या हाती छदामही पडला नाही.

चर्च ऑफ इंग्लंडच्या सिनॉडने (म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेने) माफी मागितली ती थेट २००६ मध्ये.