सैन्य प्रशिक्षणपूर्व धावसराव (नागपूर)

सैन्यभरतीच्या मैदानी चाचणीसाठी आणि निवड झाल्यावर प्रशिक्षण केंद्रात टिकून राहण्यासाठी धावण्याचा दम वाढवण्याचा सराव. तयारी करणारी मुले याला नुसते ‘ग्राउंड’ म्हणतात. १८२१ साली वसलेली कामठीची छावणी आणि तिथले ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र नागपूरला लागूनच आहे.

मैदानी चाचणीतली १.६ किलोमीटरची धाव म्हणजे मुलांच्या तोंडचे ‘सोळाशे’. साडेपाच मिनिटांच्या आत आलेल्याला ६० गुण, हा बरीच वर्षे चाललेला हिशेब. ४०० मीटरच्या ट्रॅकवर एका राउंडला साडेब्याऐंशी सेकंद मिळतात. पहिला राउंड सत्तर सेकंदांत मारणाऱ्याची गत तिसऱ्या राउंडला दिसते. खांदे कानांकडे चढतात, मुठी आवळल्या जातात, पाऊल आपटू लागते आणि मागचे एकेक करून पुढे निघून जातात.

रोज घड्याळ लावून सोळाशे मारणे ही तयारीतली सर्वांत मोठी चूक. या धावेला लागणारी बहुतांश ऊर्जा शरीर प्राणवायू वापरून तयार करते आणि ती क्षमता संथ, लांब धावण्याने वाढते. सोबत्याशी बोलता येईल अशा गतीने ५ ते ८ किलोमीटर, आठवड्यातले बहुतेक दिवस. वेगासाठी एक-दोन दिवस पुरेत: ८० सेकंदांचे चार ते सहा राउंड, प्रत्येकानंतर दोन मिनिटे चालणे. पुढे सैन्यात ५ किलोमीटर धावायचे असते ते गणवेश, बूट आणि हत्यारासह. तिथे सोळाशेपुरता कमावलेला दम पुरत नाही.

नागपुरात सिमेंटच्या रस्त्यांवर रोज धावणाऱ्यांच्या नडग्या लवकर धरतात. मातीचे मैदान बरे; चढासाठी सेमिनरी हिल्स आहेच. नडगीचे दुखणे अंगावर काढू नये. अंगठ्याने हाडाची कड दाबत खाली यावे. लांबवर हलके दुखत असेल तर काही दिवस धाव कमी करून बहुधा भागते. एकाच टिचभर जागी कळ उठत असेल तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी, धावणे लगेच थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. अंतर एकदम वाढवणाऱ्या नव्या जवानांना हीच दुखापत प्रशिक्षणात गाठते.

मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपलीकडे जातो, त्यामुळे पहाटे पाचलाच धाव सुरू करावी. उन्हाळ्याच्या तोंडाशी वेग उतरला तर घाबरू नये. दहा ते चौदा दिवसांत शरीर उष्णतेला सरावते, घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जाते आणि त्याच गतीला छातीचे ठोके कमी पडतात. चक्कर, मळमळ किंवा अंगावर काटा आला तर मात्र राउंड अर्धवट सोडून सावली गाठावी, डोक्यावर पाणी ओतावे. ‘एवढा पूर्ण कर’ म्हणणाऱ्याचे त्या वेळी ऐकू नये.