रिलेशनल डेटाबेस प्रोग्रॅमिंग : मूलतत्त्वे

माहिती परस्परांशी जोडलेल्या टेबलांत मांडणे, तिच्यावर नियम घालणे आणि एसक्यूएल या भाषेतून तिला प्रश्न विचारणे, हे रिलेशनल डेटाबेस प्रोग्रॅमिंगचे मुख्य काम. बँकेची खाती, गाड्यांची आरक्षणे, परीक्षांचे निकाल अशा असंख्य व्यवहारांच्या मुळाशी असे डेटाबेस असतात. भाषेतले नेहमीचे शब्द थोडेच आहेत आणि ते लवकर पाठ होतात. वेळ लागतो तो विचाराची सवय बदलायला. इतर बहुतेक भाषांत प्रोग्रॅमर संगणकाला एकेक पायरी सांगतो. इथे काय हवे ते सांगायचे आणि ते कसे शोधायचे हे डेटाबेसवर सोपवायचे. शिकणाऱ्याचे बरेचसे अडथळे इथेच येतात, कारण ‘एक ओळ घे, तपास, पुढची घे’ हे वळण हाताला लागलेले असते.

रिलेशनल डेटाबेसची ही कल्पना एडगर कॉड (१९२३–२००३) यांची. आयबीएम या संगणक कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी जून १९७० मध्ये या विषयावरचा मूलभूत शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याआधीच्या डेटाबेसांत नोंदी एकमेकींना साखळीसारख्या बांधलेल्या असत आणि हवी ती नोंद गाठण्याची वाट प्रोग्रॅमलाच माहीत असावी लागे. साठवणुकीची रचना बदलली की प्रोग्रॅमही बदलावे लागत. कॉड यांनी संचसिद्धांत आणि तर्कशास्त्र यांच्या आधारे ही गाठ सोडवली. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी आयबीएममध्येच ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली; ते नाव दुसऱ्या कंपनीचा ट्रेडमार्क असल्याने पुढे ते ‘एसक्यूएल’ झाले. वाट शोधण्याचे काम यंत्रावर सोपवले तर सगळे संथ होईल, हा तेव्हाचा मोठा आक्षेप होता. पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये त्याला उत्तर दिले : टेबलांची आकडेवारी पाहून वेगवेगळ्या वाटांचा खर्च आधी मोजायचा आणि सर्वांत स्वस्त वाट निवडायची. आजचे ऑप्टिमायझर, म्हणजे डेटाबेसमधले वाट निवडणारे भाग, याच विचारावर उभे आहेत. कॉड यांना संगणकशास्त्रातला १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि १९८६ मध्ये एसक्यूएल अमेरिकेचे अधिकृत मानक झाले.

टेबलांची रचना समजण्यासाठी एखादे सार्वजनिक वाचनालय घ्यावे. देवघेवीच्या एकाच लांबलचक टेबलात सभासदाचे नाव, पत्ता, पुस्तक, लेखक, तारीख असे सगळे भरले, तर पत्ता बदलल्यावर त्या सभासदाच्या प्रत्येक ओळीत तो बदलावा लागतो. एखादी ओळ सुटली की एकाच माणसाचे दोन पत्ते होतात आणि खरा कोणता हे डेटाबेस सांगू शकत नाही. म्हणून सभासद, पुस्तके, प्रती आणि देवघेव अशी चार टेबले करतात. प्रत्येक ओळीला स्वतःची ओळख असते, ती प्रायमरी की. सभासदाला क्रमांक आणि प्रतीला दाखल क्रमांक चालतो. नाव चालत नाही, कारण एका गावात एकाच नावाची दोन माणसे सहज सापडतात. देवघेवीच्या ओळीत सभासदाचा नुसता क्रमांक राहतो, ती फॉरेन की. यादीत नसलेल्या सभासदाच्या नावे पुस्तक देऊ पाहिले, तर डेटाबेसच ती नोंद नाकारतो. एक तथ्य एकाच ठिकाणी ठेवण्याच्या या शिस्तीला नॉर्मलायझेशन म्हणतात. तिचे पहिले तीन टप्पे नीट कळले की रोजच्या कामाला ते सहसा पुरतात.

वाटून ठेवलेली माहिती पुन्हा एकत्र आणण्याचे काम जॉइन करतो. ज्यांनी आजवर एकही पुस्तक नेलेले नाही असे सभासद हवे आहेत, असे समजू. प्रश्न असा लिहितात (संगणकावर यातले आज्ञाशब्द रोमन लिपीत लिहावे लागतात) :

सिलेक्ट स.नाव
फ्रॉम सभासद स लेफ्ट जॉइन देवघेव द
ऑन द.सभासद_क्रमांक = स.क्रमांक
व्हेअर द.सभासद_क्रमांक इज नल

इथे स आणि द ही सभासद व देवघेव या टेबलांची छोटी नावे. लेफ्ट जॉइन सभासदांची प्रत्येक ओळ राखतो. जोडीला देवघेव सापडली नाही, तर तिच्या रकान्यांत ‘नल’ येतो, आणि शेवटची अट नेमक्या त्याच ओळी वेचते. यात एकेक सभासद घेऊन तपासण्याची आज्ञा कुठेच नाही.

हाच प्रश्न ‘ज्यांचा क्रमांक देवघेवीच्या यादीत नाही’ असा, म्हणजे ‘नॉट इन’ वापरून लिहिला, तर एक सापळा लागतो. सभासद नसलेल्या कुणाला कधी तिथेच बसून वाचायला पुस्तक दिले आणि त्या ओळीत सभासद क्रमांक कोरा राहिला, तर उत्तरात एकही नाव येत नाही. चुकीची सूचनाही येत नाही, नुसती रिकामी यादी. कारण नल म्हणजे शून्य नव्हे, कोरी अक्षरेही नव्हेत. त्याचा अर्थ ‘माहीत नाही’. एखादा क्रमांक त्या अज्ञात क्रमांकाहून वेगळा आहे का, याचे उत्तरही ‘माहीत नाही’ असेच निघते, आणि व्हेअर फक्त खऱ्या ठरलेल्या ओळीच पुढे सोडतो. अशा ठिकाणी ‘नॉट एक्झिस्ट्स’ (‘अशी ओळच नाही’) वापरणे सुरक्षित. एसक्यूएल शिकवताना नलला ओझरता उल्लेख मिळतो तो फार कमी आहे. चुकीचे अहवाल बिनबोभाट तयार होतात ते पुष्कळदा इथूनच.

ट्रान्झॅक्शन म्हणजे एकतर पूर्ण होणारा, नाहीतर मुळीच न होणारा व्यवहार. खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्या खात्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर वजाबाकीही रद्द झाली पाहिजे. यापेक्षा नाजूक प्रश्न एकाच वेळी आलेल्या दोघांचा असतो. पुस्तकाची शेवटची प्रत दोन सभासद आपापल्या घरून एकाच क्षणी राखून ठेवू पाहतात. प्रोग्रॅम आधी ‘प्रत मोकळी आहे का’ असे विचारतो, दोघांनाही ‘आहे’ असे उत्तर मिळते आणि दोघांच्याही नोंदी होतात. आरक्षणाच्या टेबलात एका प्रतीची एकच चालू नोंद राहील अशी युनिक अट घातली, की दुसरी नोंद डेटाबेसच परत पाठवतो. नियम जितके टेबलाजवळ तितके पक्के, कारण प्रोग्रॅम बदलत राहतात आणि डेटा त्यांच्यापेक्षा जास्त टिकतो.

इंडेक्समुळे, म्हणजे रकान्यातली मूल्ये कुठे आहेत याच्या वेगळ्या सूचीमुळे, शोध वेगवान होतो, पण प्रत्येक नव्या नोंदीबरोबर तोही सांभाळावा लागतो. म्हणून प्रत्येक रकान्यावर तो नको. ‘एक्सप्लेन’ या आज्ञेने डेटाबेसने निवडलेली वाट पाहता येते.

वापरणाऱ्याने भरलेला मजकूर एसक्यूएलच्या वाक्यात थेट चिकटवू नये, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. गोव्यात आणि वसईत डिसोझा, डिमेलो ही आडनावे रोमन लिपीत लिहिताना अनेकजण ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी देतात. एसक्यूएलमध्ये तेच चिन्ह मजकूर संपल्याची खूण असते, त्यामुळे असे आडनाव आले की वाक्य मध्येच तुटते. हीच फट वापरून हल्लेखोर स्वतःच्या आज्ञा आत घुसवतात, त्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. वाक्यात मूल्यासाठी मोकळी जागा ठेवून ते वेगळे पाठवले की दोन्ही प्रश्न सुटतात.

मराठी मजकूर साठवताना आणखी काही गोष्टी आड येतात. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि मात्रा, हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे असतात. ‘पुरुषोत्तम’ या नावात अशी दहा चिन्हे आहेत. ओरॅकल या डेटाबेसमध्ये रकान्याची लांबी मूळ मांडणीत बाइटमध्ये मोजली जाते, त्यामुळे ३० लांबीचा रकाना या एका नावाने काठोकाठ भरतो. ‘दुसऱ्या’मधला ऱ एका चिन्हाने, र आणि नुक्त्याने (अक्षराखालच्या टिंबाने), किंवा र, हलन्त आणि एका अदृश्य जोडचिन्हाने साठवलेला असू शकतो. पडद्यावर फरक दिसत नाही, पण तुलना फसते. युनिकोड या लिपिसंकेताचे नॉर्मलायझेशन (टेबलांच्या नॉर्मलायझेशनहून वेगळे) पहिली दोन रूपे एक करते. तिसरे मात्र साठवण्याआधी प्रोग्रॅमनेच बदलून घ्यावे लागते. क्रमाचेही तसेच. नुसत्या संकेतांकांनुसार, म्हणजे चिन्हांच्या युनिकोड क्रमांकांनुसार, लावले तर ळ हा व च्या आधी येतो आणि क्ष क मध्ये मिसळतो. वर्णमालेप्रमाणे दोन्ही ह नंतर हवे असतील, तर क्रम लावताना मराठीचे कोलेशन, म्हणजे क्रमाचे नियम, सांगावे लागते. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये ते आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या कोलेशनांतून मिळते.