बिल ‘डिलीट’ का होत नाही? आमच्या दुकानदार ग्राहकांसाठी

नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतून सर्वांत जास्त फोन याच प्रश्नासाठी येतात. आमच्या बिलिंगच्या प्रोग्राममध्ये बिल रद्द करता येतं, पुसता येत नाही, आणि ते मुद्दाम तसं ठेवलं आहे.

समजा 1,840 रुपयांचं रोखीचं बिल झालं, गिऱ्हाईक साडी घेऊन गेलं. मागून बिल पुसलं आणि तेवढे पैसे काढून घेतले, तरी संध्याकाळी गल्ला बरोबर जुळतो. साडी मात्र कॉम्प्युटरवर शिल्लक दिसत राहते आणि ती नाही हे थेट माल मोजताना कळतं. शिवाय जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे बिल नंबर सलग लागतात, आणि कॉम्प्युटरवर ठेवलेल्या हिशेबात काय बदललं, काय पुसलं याची नोंद नियम 56 मागतो. म्हणून रद्द बिल नंबरासकट राहतं. कोणी, कधी, कशासाठी रद्द केलं तेही. विकलेला माल परत आला तर बिलाला हात लावू नका, क्रेडिट नोट (तेवढी रक्कम वजा केल्याची वेगळी चिठ्ठी) काढा.

एवढा बंदोबस्त एका सवयीपुढे फुकट जातो: मालकाचा पिन सगळ्या काउंटरला पाठ असतो. सवलत 5 टक्क्यांच्या वर गेली की प्रोग्राम पिन मागतो, समोर गर्दी असते, मालक जेवायला गेलेले असतात, आणि पिन फोनवर सांगितला जातो. त्या दिवसापासून प्रत्येक नोंद मालकांच्या नावावर. पुढे तक्रार आली की आमचा माणूस दोन-दोन तास नोंदी चाळतो आणि हाती तेच एक नाव लागतं.

सेटिंगमध्ये ‘युजर’ उघडा आणि प्रत्येकाला त्याचा स्वतःचा 6 आकडी पिन द्या. काउंटरला फक्त बिल करण्याचा हक्क ठेवा. रद्द करण्याचा मालक आणि मुनीमजींकडे. बाहेर असाल तर ‘मोबाइल मंजुरी’ चालू करा, बिल तुमच्या फोनवर दिसेल. नोकरी सोडलेल्याचा युजर बंद करा, दुसऱ्याला देऊ नका. जुनी बिलं त्याच्या नावावर आहेत.

विसरलेला पिन आम्हीही सांगू शकत नाही, कारण तो वाचता येईल असा कुठेच साठवलेला नसतो. नवा करून देतो, पण मालकांच्या नोंदवलेल्या मोबाइलवर खात्री करूनच.

‘तारीख मागे आहे’ असं येऊन बिल अडलं, तर लगेच कोणावर संशय घेऊ नका. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल संपला की रात्री मेन स्विच बंद करताच घड्याळ मागे जातं. सेल बदला, तारीख लावा.

वार्षिक करारातल्या दुकानांना युजर लावून देणं आणि काउंटरच्या मुलांना अर्धा तास शिकवणं मोफत आहे. फोन करताना काउंटरवर बसणाऱ्यांची यादी हाताशी ठेवा.