तेरा जाहिराती आणि एक लाल सिलिंडर

गेल्या वर्षी एका कारखान्यातल्या सेफ्टी ट्रेनिंगला बसायचा योग आला. नुकतंच जेवण झालेलं, एसी छान गार आणि समोर न संपणारं प्रेझेंटेशन. शेवटी सगळ्यांना बाहेर नेलं, पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवलं. एकानं लाल सिलिंडर उचलून आग विझवून दाखवली, बाकीच्यांनी मोबाइलवर शूटिंग केलं. हजेरीच्या कागदावर सह्या झाल्या, समोसे झाले आणि विषय वर्षभरासाठी मिटला.

चार महिन्यांनी पुन्हा तिथेच जाणं झालं. डेमोचा रिकामा सिलिंडर एका ऑपरेटरच्या हातात देऊन म्हटलं, "दादा, वापरून दाखवा बरं." त्यांनी मूठ दाबली. हलेना. आणखी जोर लावला. मग आमच्या दोघांचंही लक्ष गेलं, आधी ओढून काढायची पिन जागच्या जागी होती. दादा ओशाळून म्हणाले, "त्या दिवशी सांगितलं होतं, सर."

सांगितलं होतं, हे खरंच. पण याच दादांना विकोच्या जाहिरातीची चाल विचारली असती, तर त्यांनी मशीन न थांबवता गुणगुणून दाखवली असती. ती शिकवायला कुणी हॉल बुक केला नव्हता.

विसरण्याचं पहिलं शिस्तशीर मोजमाप हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 साली प्रसिद्ध केलं. प्रयोगाचा उंदीर तो स्वतःच होता. अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या तो पाठ करायचा, काही वेळ जाऊ द्यायचा आणि तीच यादी पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचा. तासाभरानं साधारण 44 टक्के श्रम वाचत, दिवसानंतर 34 टक्के आणि महिन्यानं 21 टक्के. मोठी पडझड सुरुवातीलाच होते, पुढची घसरण संथ. अर्थपूर्ण गोष्टी यापेक्षा बऱ्या टिकतात, पण उताराचा आकार असाच. म्हणजे समोसा पचायच्या आत बरंचसं ट्रेनिंग गेलेलं असतं.

जाहिरातवाल्यांना हे फार आधी कळलं, कारण विसरण्याचं बिल त्यांना रोख भरावं लागतं. 1959 साली ह्यूबर्ट झील्स्के या जाहिरात संशोधकाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शिकागोतल्या गृहिणींचे दोन गट. दोन्ही गटांकडे एकाच मालाच्या तेरा जाहिराती टपालानं गेल्या. एका गटाला दर आठवड्याला एक, म्हणजे तीन महिन्यांत खेळ खलास. दुसऱ्या गटाला दर चार आठवड्यांनी एक, म्हणजे वर्षभर. पहिल्या गटात तेराव्या जाहिरातीनंतर 63 टक्के बायकांना ती आठवत होती. मात्र टपाल थांबल्यावर चारच आठवड्यांत हा आकडा निम्म्यावर आला. सावकाश चाललेल्या गटाचा आकडा दोन पावलं पुढे, एक मागे करत वर्षाअखेरीस 48 टक्क्यांपर्यंत चढला. जाहिराती तेवढ्याच, खर्च तेवढाच. फरक फक्त मधल्या अंतराचा.

आता सांगा, आपलं वार्षिक ट्रेनिंग यातल्या कुठल्या गटात बसतं? कुठल्याच नाही. आपण तेराच्या तेरा पत्रं एकाच दुपारी एकाच पेटीत कोंबतो.

आजचे सोशल मीडिया मार्केटिंगवाले हेच तंत्र बारीक करून वापरतात. एकदा चप्पल बघितली की ती आठवडाभर फोनमध्ये मागे लागते, याला ते रिटार्गेटिंग म्हणतात. एका पोस्टमध्ये एकच गोष्ट सांगतात. माणूस वैतागू नये म्हणून एकाला किती वेळा दाखवायचं यावर मर्यादाही घालतात. आणि कोणतं चित्र चालेल याबद्दल मीटिंगमध्ये भांडत बसण्याऐवजी दोन चित्रं दोन गटांना दाखवून मोकळे होतात. हे शेवटचं मला फार आवडतं. पहिल्या शिफ्टला एक पोस्टर, दुसऱ्या शिफ्टला दुसरं, आणि महिन्यानं दोन्हीकडे सिलिंडर हातात देऊन बघायचं. कुठल्याही कारखान्याला हे बिनखर्चात जमेल.

अंतर किती ठेवायचं? निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी 2008 साली हे तपासलं. शिकवल्यानंतर आठवड्यानं परीक्षा असेल तर एका दिवसानं केलेली उजळणी सर्वांत उपयोगी पडली. परीक्षा जवळपास वर्षानं असेल तर तीनेक आठवड्यांनी केलेली.

पण मार्केटिंगची गाडी इथवरच आपल्या रस्त्यानं येते. जाहिरातीला ओळख पुरते: दुकानात फळीवरचा डबा ओळखीचा वाटला, झालं काम. धूर दिसल्यावर सिलिंडर ओळखून भागत नाही. समोर कुणी नसताना, हात थरथरत असताना, क्रम आतून वर यावा लागतो. ओळखणं आणि आठवणं ही वेगवेगळी कामं आहेत. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 साली हे झकास दाखवलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा चार सत्रं वाचला. काहींनी एक सत्र वाचला आणि पुढची तीन सत्रं न बघता आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानं त्यांना 40 टक्के आठवत होतं आणि लिहिणाऱ्यांना 61 टक्के.

म्हणून जाहिरातीचा ताल घ्यावा, पण दाखवण्याच्या जागी विचारणं ठेवावं. हार्वर्डमधले मूत्ररोगतज्ज्ञ प्राइस केर्फूट यांनी नेमकं हेच केलं. निवासी डॉक्टरांना ते ईमेलवर छोटे प्रश्न पाठवत, उत्तर देताच खुलासा देत आणि काही दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा धाडत. नुसतं साहित्य मिळालेल्यांपेक्षा या डॉक्टरांच्या लक्षात जास्त राहिलं.

कारखान्यात याचं रूप अगदी साधं असतं. शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो: सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा हिरव्याऐवजी लाल पट्ट्यात. खाली एकच ओळ, "इथे काय चुकलंय?" तीन आठवड्यांनी दुसरा फोटो: माणूस नळी ज्वाळांच्या शेंड्यावर रोखून उभा. (ती बुंध्याशी धरायची आणि झाडू मारल्यासारखी फिरवायची. सिलिंडर काही सेकंदांतच रिकामा होतो, शेंड्यावर उडवायला पावडर उरत नाही.) ग्रुपवर अंगठे किती आले हे मोजू नये. अंगठा 'गुड मॉर्निंग'लाही येतो.

त्या कारखान्याच्या ट्रेनिंग विभागाला मी हे सुचवलं. साहेबांना पटलं, दोन-तीन फोटोही तिथल्या तिथे काढून झाले. मग त्यांनी कपाटातली जाडजूड फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. वर्षभराच्या सह्या. "बाकी सगळं ठीक आहे हो," ते म्हणाले, "पण ऑडिटला याची हजेरी कशी दाखवायची?"