जेट स्कीचा कार्बोरेटर हलक्या विमानाला

अलिबाग-गोव्याला पाण्यावर पळते ती जेट स्की, तिचा डायफ्रॅम म्हणजे पडद्यावर चालणारा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देतो तो, गॅरेजात सगळे कार्बेटरच म्हणतात) काढून छोट्या विमानाच्या टू-स्ट्रोक इंजिनला बसवायचा, हा हौशी विमान बांधणाऱ्यांचा उद्योग. मिकुनी कंपनीचा सुपर बीएन हा कार्बेटर त्यासाठी बराच वापरतात.

रोटॅक्स ५०३, ५८२ ह्या छोट्या विमानांच्या इंजिनांवर बिंग कंपनीचा कार्बेटर असतो, त्यात फ्लोट (तरंगता गोळा) असतो म्हणजे वाटीत पेट्रोल साचतं, विमान जास्त तिरपं झालं की गडबड. जेट स्कीच्या कार्बेटरला वाटीच नाही, रबरी पडदा पेट्रोलच्या वाटेतली सुई उघडतो-मिटतो, चेनसॉ उलटीसुलटी धरली तरी चालते ती ह्याच्यामुळेच. शिवाय पेट्रोल पंप आतच, तो क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या पेटीतल्या) हवेच्या धक्क्यांवर चालतो, एक नळी जोडली की झालं. चार सिलेंडरच्या फोर-स्ट्रोक बॉक्सर (समोरासमोर आडवे सिलेंडर असलेल्या) इंजिनात मात्र हे धक्के एकमेकांना खाऊन टाकतात, तिथे पंप वेगळा लावा.

खरी कटकट पॉप-ऑफची. सुई किती दाबाला उघडते ते गेज लावून बघायचं, साधारण १५ ते ४० पीएसआयच्या मधे कुठेतरी, आणि सुईची स्प्रिंग किंवा सीट (सुई बसते ती जागा) बदलून जमवायचं. बिंगमधे मधल्या थ्रॉटलला पेट्रोल किती जायचं ते सुई-जेट (सुई आणि तिचं भोक) सांभाळून घेतं, इथे ते काम बरंचसं ह्या पॉप-ऑफवर आणि लो-स्पीड जेटवर (कमी वेगाला पेट्रोल सोडणारं भोक), आणि विमान तर जास्त वेळ मधल्या थ्रॉटललाच उडतं! म्हणून नुसते कार्बेटरवरचे दोन मिक्श्चर-स्क्रू फिरवून भागत नाही, प्लगचा रंग आणि एक्झॉस्टचं तापमान बघावंच लागतं. अजून एक, केबल तुटली की जेट स्कीचा थ्रॉटल बंद होतो, पाण्यात ते बरं, हवेत मात्र इंजिन आयडलला (सगळ्यात कमी वेगाला) येतं, म्हणून काहीजण स्प्रिंग उलटी लावतात, म्हणजे केबल तुटली तर थ्रॉटल उघडतो.

आता खान्देशचं. मे महिन्यात जळगावला ४५ अंशात हवा इतकी विरळ की इंजिनला आपण १३०० मीटरच्या आसपास उंचीवर आहोत असं वाटतं, मिक्श्चर रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), माणूस स्क्रू आवळून पेट्रोल कमी करतो. मग डिसेंबरात १० अंशाच्या सकाळी तीच सेटिंग ठेवून उडाला तर हवा १२ टक्क्यांच्या आसपास दाट, मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी), पिस्टन गरम होऊन सीझ म्हणजे जाम. भाऊ, स्क्रू परत सोडायचा राहिला ना!

धुळे-शिरपूरकडे वैमानिक शिकतात त्या प्रमाणित विमानांना असला जुगाड लावता येत नाही. आणि पंपावरचं इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबरी पडद्याला कडक करतं, तेव्हा सीझन सुरू व्हायच्या आधी किट (पडदे-सुईचा संच) बदललेलं बरं.