पट्टा आवळलेला दंड इतक्या लवकर का थकतो?

दंडाला पट्टा बांधून हलक्या डंबेलने व्यायाम करणाऱ्यांचे व्हिडिओ हल्ली खूप फिरतात. त्यांत एक वाक्य हमखास ऐकू येते : 'रक्त कोंडले की लॅक्टिक आम्ल साचते आणि त्यानेच स्नायू वाढतो.' पद्धत खरी आहे, जपानच्या योशिआकी सातो यांनी ती 'कात्सू' या नावाने विकसित केली. स्पष्टीकरण मात्र चुकीचे आहे.

पट्टा दंडाच्या किंवा मांडीच्या अगदी वरच्या टोकाला बांधतात. नीलांमधला दाब कमी आणि भिंती पातळ, त्यामुळे त्या आधी दबतात. धमन्यांतून मात्र थोडेथोडे रक्त येत राहते.

आता स्नायूच्या आत डोकावू. एक प्रेरक चेतापेशी आणि तिच्या हुकमतीतले तंतू मिळून एक तुकडी होते. हलके वजन उचलायला लहान तुकड्या पुरतात. ताकदवान, मोठ्या तुकड्या स्वस्थ असतात. लहान चेतापेशी आधी आणि मोठ्या नंतर, हा क्रम शरीरक्रियाशास्त्रज्ञ एलवूड हेनेमन यांनी १९५७ मध्ये दाखवला. मोठ्या तुकड्या एरवी जड वजनालाच उठतात. पण लहान तुकड्या थकल्या, तर तेच हलके वजन पेलायला मोठ्यांना यावेच लागते. पट्टा हा थकवा लवकर आणतो.

कसा? तंतूत मायोसिन आणि ॲक्टिन ही दोन प्रथिने असतात; मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात. या कामाला लागणारे एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जा देणारे रसायन, झटपट भरून काढण्यासाठी क्रिएटिन फॉस्फेट हा स्नायूतला राखीव साठा खर्च होतो आणि सुटा फॉस्फेट मागे उरतो. हाच फॉस्फेट मायोसिनची पकड ढिली करतो. शिवाय तो कॅल्शियमच्या कोठारात शिरून कॅल्शियमशी जखडतो, म्हणून आकुंचनाचा इशारा देणारे कॅल्शियमही कमी सुटते. आम्लतेचा वाटा आहे, पण शरीराच्या तापमानाला ती स्नायूचा जोर फारसा कमी करत नाही. लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचे शरीरातले रूप, तर चक्क इंधन म्हणून वापरले जाते.

क्रिएटिन फॉस्फेट पुन्हा बनायला ऑक्सिजन हवा. मोकळ्या रक्तप्रवाहात विश्रांतीच्या पहिल्या अर्ध्या-एक मिनिटातच त्याची बरीच भरपाई होते; पट्ट्याखाली ती रेंगाळते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ पी. ए. मर्टन यांनी १९५४ मध्ये अंगठ्याच्या स्नायूवर हे स्वच्छ दाखवले : दंडाचा रक्तप्रवाह पूर्ण बंद असेपर्यंत थकलेल्या स्नायूचा जोर परतला नाही, रक्त सोडताच परतू लागला. म्हणूनच दोन सेटच्या मधे पट्टा सैल करायचा नाही. सैल केला, तर मोठ्या तुकड्या पुन्हा झोपतात.

रूढ मात्रा अशी : एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या २० ते ३० टक्के वजन, पहिल्या सेटला ३० आवृत्त्या, मग १५-१५-१५, मधे ३० ते ६० सेकंद विश्रांती. चारही सेट झाले की पट्टा सोडायचा.

दाब अंदाजाने ठरवू नये. धमनीतला प्रवाह कोणत्या दाबाला पूर्ण थांबतो ते डॉपलरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या उपकरणाने) बघतात आणि त्याच्या ४० ते ८० टक्के दाब ठेवतात. प्रवाह पूर्ण थांबवणारा दाब १८० मिमी पारा भरला, तर त्याचे ५० टक्के म्हणजे ९०. रुंद पट्ट्याला कमी दाब पुरतो, अरुंदाला जास्त लागतो. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा आपल्याला लावणे धोक्याचे. लवचीक पट्टी किती आवळली हे तर कळतच नाही. मुंग्या आल्या, बधिरपणा आला, हात पांढराफटक पडला किंवा मनगटाची नाडी लागेना, तर पट्टा ताबडतोब सोडावा. पहिल्या ३० आवृत्त्याच पुऱ्या होत नसतील, तर दाब किंवा वजन जास्त आहे.

'ग्रोथ हॉर्मोन उसळते म्हणून स्नायू फुगतो' या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. ते तात्पुरते वाढते हे खरे, पण स्नायूची वाढ तंतूंवर पडणाऱ्या ताणातून होते. पट्टा बांधून केलेल्या हलक्या व्यायामाने आकारातली वाढ जड वजनाच्या व्यायामाइतकीच मिळू शकते. ताकद मात्र जड वजनानेच जास्त वाढते. म्हणून धडधाकट माणसाने जड वजन सोडून पट्ट्यामागे लागण्यात अर्थ नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सांध्याला जड वजन सोसत नाही आणि मांडी मात्र रोज रोडावत असते, अशा वेळी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हा उपाय मोलाचा ठरतो. शिरेत पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्यांनी, अनियंत्रित रक्तदाब किंवा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्ट्याला हात लावू नये.