खोटी ब्रिटिश हाफपेनी (१८वं शतक)

दुसऱ्या आणि तिसऱ्या जॉर्जच्या काळात लंडनच्या टॉवर टाकसाळीतल्या तांब्याच्या हाफपेनीची (अर्ध्या पेनीच्या नाण्याची) नक्कल करून खासगी कारखान्यांत पाडलेली आणि त्याच काळात बाजारात चाललेली नाणी. हल्ली संग्राहकांना गंडवायला बनवतात ती नाणी यात येत नाहीत. फार्दिंगचीही (पाव पेनीची) नक्कल व्हायची, पण चर्चा सगळी हाफपेनीचीच.

सोन्याचांदीचं नाणं खोटं पाडणं म्हणजे राजद्रोह, थेट फाशी. तांब्याला मात्र १७४२ च्या कायद्याने दोन वर्षांचा तुरुंगवास होता, आणि १७७१ मध्ये शिक्षा कडक केली तरी धंदा काही थांबला नाही कारण मुळात सुट्या पैशांचाच तुटवडा होता. १७५४ नंतर टॉवरची हाफपेनी थेट १७७० ला आली आणि १७७५ ला परत बंद पडली. बर्मिंगहॅममध्ये बटणं आणि बकलं बनवणाऱ्यांकडे दाबयंत्रं तयारच होती. १७८७ च्या टाकसाळीच्या तपासणीत फक्त ८ टक्क्यांच्या आसपास नाणी खऱ्यासारखी म्हणण्याइतकी धड निघाली, असा आकडा दिला जातो.

ओळखायचं तर आधी वजनकाटा. टॉवरमध्ये एका पौंड तांब्यातून ४६ हाफपेनी काढत, म्हणजे एक साधारण ९.९ ग्रॅमची. खोटं नाणं बरेचदा ५ ते ८ ग्रॅम भरतं, पातळ असतं आणि आकारानेही थोडं लहान. मग तारीख बघायची. तिसऱ्या जॉर्जची खरी टॉवर हाफपेनी फक्त १७७० ते १७७५ ची, त्यामुळे १७७६ किंवा १७८७ दिसलं की विषय संपला. (आपल्याकडे राम-सीतेचं चित्र आणि १८१८ साल असलेला कंपनी सरकारचा ‘अर्धा आणा’ लाखोंचा म्हणून फॉरवर्ड होतो, त्यालाही हाच उपाय लागू पडतो, कंपनीचा सगळ्या इलाख्यांसाठीचा एकसारखा अर्धा आणा १८३५ पासूनचा.) ओतीव नकलेवर वाळूच्या साच्याचे खड्डे आणि कडेला सांधा दिसतो. ठशाने पाडलेली ओळखायला जास्त अवघड, कारण कितीतरी ठसे मुद्दाम उथळ कोरलेले असायचे म्हणजे कोरं नाणंही वापरून झिजल्यासारखं वाटायचं. म्हणून चेहरा पुसट पण पृष्ठभाग ताजा असेल तर संशय घ्यावा.

खरा वाद आहे तो ‘इव्हेजन’ नावाच्या प्रकाराचा. यावर राजासारखा चेहरा आणि मागे ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली ढालधारी बाई) असते पण अक्षरं भलतीच, ‘जॉर्ज रूल्स’, ‘ब्रिटन्स आइल्स’, कुठे राजा आल्फ्रेड तर कुठे चक्क शेक्सपिअर. राजाचं नाव नाही म्हणजे नक्कल नाही, अशी ही कायद्यातली पळवाट, हे जुनं मत. दुसरं मत असं की यातली बरीचशी १७९० च्या दशकात, व्यापाऱ्यांच्या टोकनची (त्यांनी स्वतः काढलेल्या खासगी नाण्यांची) लाट आली तेव्हाची आहेत आणि वरच्या तारखा मनाला येतील तशा टाकलेल्या आहेत. हे दुसरं मत जास्त पटतं, फक्त त्यामुळे पळवाटीचा हेतू खोटा ठरत नाही. अडाणी गिऱ्हाईक अक्षरं वाचणार नाही हा हिशोब दोन्हीकडे आहेच.

अमेरिकेतही ही नक्कल झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्गजवळ थॉमस मशिन याच्या गिरणीत १७८७ पासून काही काळ अशी हाफपेनी पाडली, त्यातल्या काहींवर १७४७ किंवा १७७१ अशा मागच्या तारखा आहेत. ब्रिटानियाच्या ढालीवरच्या क्रॉसला बारीक बाह्यरेषा नसणं ही ढोबळ खूण, पण अपवाद आहेत. खात्री अक्षरांच्या पंचवरून (ठशात अक्षर ठोकायच्या हत्यारावरून) करतात, म्हणजे तेच तुटकं अक्षर याच गिरणीत पाडलेल्या व्हरमाँट राज्याच्या नाण्यावर सापडलं की गाठ जुळते. ठसे कोणी कोरले याबद्दल जेम्स अॅटली हे नाव पूर्वी सर्रास घेत, आता तेवढ्या ठामपणे घेत नाहीत.

किमतीचं गणित उलटं आहे. बर्मिंगहॅमची साधी झिजलेली नक्कल काही पौंडांत मिळते, पण मशिनच्या गिरणीची ठरली तर अमेरिकन संग्राहक तिला वसाहतकालीन मालिकेत धरतात आणि चांगल्या प्रतीला शेकडो डॉलर देतात, खऱ्या टॉवर हाफपेनीपेक्षा कितीतरी जास्त. दुर्मीळ ठशांची जोडी आणि वाचता येणारी तारीख भाव वाढवते. चिंच-लिंबाने घासून चकचकीत केलेलं नाणं मात्र कवडीमोल होतं.

१७९७ मध्ये बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन याने आपल्या सोहो कारखान्यात वाफेच्या यंत्रावर एक औंसाची जाड पेनी पाडली आणि नकली धंदा बराच अवघड झाला, तरी तिच्याही नकला सापडतात. याच सोहोतून मुंबई इलाख्यासाठी १७९१ आणि १७९४ सालचे तराजू छापाचे तांब्याचे पैसे आले होते.